‘बाळ किती शांत आहे, नुसतं झोपतं!’

मंडळी, पोस्ट लांबलचक आहे, आधीच सांगतो. पण घरात तान्हं बाळ असेल, लेक किंवा सून बाळंतपणाला आली असेल, तर शेवटपर्यंत वाचा. पाण्याच्या टाकीचं उद्या लिहितो. ती टाकी सहा वर्षं अर्धवट उभी आहे, एक दिवस आणखी उभी राहील.

ही गोष्ट माझ्या भाचीच्या मुलाची. तिला विचारून लिहितोय. ती म्हणाली, "मामा, लिहा. पण नाव नका टाकू, आणि बिचारी-बिचारी पण नका करू." त्यामुळे नावं नाहीत. बाळंतपण झालं त्या दवाखान्याचंही नाव नाही. मला कुणाला चौकात उभं करायचं नाहीये, मुद्दा वेगळा आहे.

तीन वर्षांपूर्वी आषाढात ती माहेरी, म्हणजे माझ्या ताईकडे, पहिल्या बाळंतपणाला आली. कळा रात्रभर, मग दिवसभर. बाळ बाहेर आलं ते रडलंच नाही. सिस्टरने पुसलं, पाठ चोळली, मग तोंडावर मास्क धरून फुग्याने श्वास दिला. काही मिनिटांनी बारीक कण्हलं. १०८ बोलावली आणि बाळ ६२ किलोमीटरवर जिल्ह्याच्या गावाला, नवजात बाळांच्या विशेष कक्षात गेलं. आपण सगळे ‘काचेची पेटी’ म्हणतो तिथे. १३ दिवस होतं.

त्या १३ दिवसांत तिथल्या तरुण डॉक्टरांशी माझं बऱ्याचदा बोलणं झालं. माणूस चांगला, झोपेने डोळे लाल. मी विचारलं, बाळाला झटके येतायत का? ते म्हणाले, "दोनदा दिसले, औषध सुरू केलंय." मग थोडं थांबून म्हणाले, "दिसले ते सांगतो. न दिसलेले मला कसे कळणार?"

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं की ते उगाच बोलले नव्हते. नवजात बाळाच्या मेंदूत झटका चालू असतो आणि अंग मात्र हलत नाही, असं सर्रास होतं. आयर्लंडमध्ये कॉर्क इथल्या डॉक्टरांनी २००८ मध्ये एक अभ्यास छापला. बाळांच्या डोक्याला ईईजीच्या तारा, समोर कॅमेरा. ईईजीवर जेवढे झटके उमटले त्यातल्या साधारण एक तृतीयांश झटक्यांमध्येच बाहेरून काही दिसलं. आणि खाटेशेजारच्या अनुभवी स्टाफने बरोबर ओळखले ते एकूण झटक्यांच्या दहा टक्क्यांच्याही आत. हे आयर्लंडमधलं, जिथे एका बाळामागे एक नर्स असते. आपल्याकडे एका सिस्टरकडे किती पेट्या असतात ते ज्यांनी बाहेरच्या बाकड्यावर रात्री काढल्यात त्यांना विचारा.

असो. बाळ घरी आलं. आणि घरी सगळे एकच वाक्य बोलायला लागले. किती गुणी बाळ! रडत नाही, छळत नाही, नुसतं झोपतं. शेजारणी म्हणायच्या, आमच्या कार्ट्याने तीन महिने डोळ्याला डोळा लागू दिला नव्हता, तुझं नशीब बाई. दूध पाजायला सुद्धा उठवावं लागायचं, तळपायाला टिचक्या मारून.

एकटी माझी आई गप्प होती. वय ७६, शाळा तिसरीपर्यंत, पण हाताखालून बाळंतिणी किती गेल्या त्याची गणती नाही. एक दिवस मी जेवायला बसलो तेव्हा हळूच म्हणाली, "याला सटवाई हसवत नाही रे."

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. आपल्याकडे तान्हं बाळ झोपेत ओठ मुडपून हसलं की म्हणतात सटवाई हसवतेय. कपाळाला आठ्या घालून रडायला आल्यासारखं केलं की सटवाई रडवतेय. पाचवीला तिची पूजा करायची, कोरा कागद आणि पेन ठेवायचं, रात्री ती येऊन कपाळावर नशीब लिहिते असं मानायचं. मी तसा या गोष्टी मानणारा नाही. पण आई सटवाईचं नाव घेऊन जे सांगत होती ते निरीक्षण होतं, आणि ते अगदी नेमकं होतं.

कसं ते सांगतो.

नवजात बाळ दिवसाचे सोळा-सतरा तास झोपतं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण ती झोप एकसारखी नसते. तिचे दोन प्रकार आहेत. एक शांत झोप: श्वास संथ, अंग स्थिर, चेहरा निवांत. दुसरी हलती झोप: पापण्यांखाली बुबुळं फिरतात, श्वास मध्येच भरभर मध्येच थांबल्यासारखा, बोटं झटकतात, ओठ हलतात, चेहऱ्यावर हसू येतं, रडू येतं. म्हणजे सटवाईची झोप. पूर्ण दिवसांच्या बाळात ही हलती झोप जवळजवळ निम्मी असते. मोठ्या माणसात ती पाचवा हिस्सा उरते. आणि बाळात या दोन्ही झोपा आलटून पालटून येतात, साधारण ५० ते ६० मिनिटांचा एक फेरा.

शास्त्रज्ञांना ही हलती झोप सापडली ती १९५३ मध्ये, शिकागो विद्यापीठात. युजीन अ‍ॅसरिन्स्की नावाचा विद्यार्थी आणि त्याचे गुरू नथॅनिएल क्लाइटमन. गंमत म्हणजे या विद्यार्थ्याने सुरुवात केली होती ती झोपलेल्या बाळांच्या पापण्या बघत बसण्यापासून. आपल्या आज्या तेच काम बिनपगारी करत होत्या. पुढे १९६६ मध्ये हॉवर्ड रॉफवर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं की बाळात ही झोप एवढी जास्त असते कारण तिच्यातून मेंदूची बांधणी होते. बाहेरचं जग अजून ओळखीचं नाही, तर मेंदू आतूनच स्वतःला चालना देतो. अलीकडे अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात मार्क ब्लूमबर्ग यांनी उंदरांच्या पिल्लांवर दाखवलं की झोपेत पाय झटकला की त्या हालचालीची खबर मेंदूकडे परत जाते. म्हणजे कुठली तार कुठल्या पायाची हे मेंदू झोपेत तपासून घेतो. आपल्या लाईनमनसारखं, लाईट नसताना खांबावर चढून.

आता ईईजीवर काय दिसतं? पूर्ण दिवसांचं निरोगी बाळ शांत झोपेत असलं की रेघ काही सेकंद उसळते, काही सेकंद मंदावते, परत उसळते. या आलटापालटीला फ्रेंच नाव आहे, कारण हे काम पॅरिसमध्ये कोलेट ड्रेफ्यूस-ब्रिझाक या डॉक्टर बाईंनी उभं केलं. हलत्या झोपेत रेघ सलग वाहते. कमी दिवसांच्या बाळात उसळ्यांच्या मधल्या शांततेचे तुकडे लांब असतात, आणि जसजसे आठवडे भरत जातात तसे ते आखूड होतात. जाणकार माणूस नुसता कागद बघून सांगतो की हा मेंदू किती आठवड्यांचा आहे.

आणि ज्या बाळाच्या मेंदूला मार बसलाय, प्राणवायू कमी पडलाय, त्याचा आधी हा फेराच मोडतो. रेघ सपाट होते किंवा नुसत्या उसळ्या आणि लांब सन्नाटा. मेंदू सावरायला लागला की झोपेचा फेरा परत येतो. तो किती तासांत परत येतो यावरून पुढचा अंदाज बांधता येतो. २००५ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात असं दिसलं की जन्मानंतर ३६ तासांच्या आत फेरा परत आला तर मूल पुढे चांगलं वाढण्याची शक्यता बरीच जास्त, उशीर झाला तर कमी. गर्भातच मेंदूची घडण बिघडलेली काही बाळं असतात, त्यांच्यात तर अवघड चित्र दिसतं. जपानच्या ओहताहारा यांनी १९७६ मध्ये वर्णन केलेल्या एका आजारात बाळ जागं असो की झोपलेलं, कागदावर तेच, उसळी आणि सन्नाटा. झोप आणि जाग यातला फरकच पुसला जातो.

म्हणून म्हणतो, आईचं वाक्य नेमकं होतं. ती सांगत होती की या बाळाला एकच झोप आहे, दुसरी दिसत नाही. नंतर ज्या मेंदूविकार तज्ज्ञांना भेटलो त्यांना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "नुसतं हसत नाही यावरून निदान होत नाही हं, तसं लिहू नका. पण आजी रोज दोन तास बाळाच्या चेहऱ्याकडे बघत होती, तेवढं आमच्यापैकी कुणी बघितलेलं नाही." दोन्ही वाक्यं लिहिली बघा.

मग हे यंत्र आपल्याकडे का नाही, हा प्रश्न. पूर्ण ईईजीसाठी तंत्रज्ञ लागतो, वाचणारा लागतो, ते जिल्ह्याला अवघड आहे हे मान्य. पण त्याचं सुटसुटीत रूप आहे. डोक्याला मोजक्या तारा, सिस्टर लावू शकते, आणि रेघ इतकी दाबून छापतात की एक तास सहा सेंटिमीटरमध्ये मावतो. पट्टा लाटेसारखा रुंद-अरुंद होत गेला म्हणजे झोपेचा फेरा चालू आहे, एका नजरेत दिसतं. हे मोठ्यांच्या आयसीयूसाठी १९६० च्या दशकात निघालेलं तंत्र. आमच्या कक्षात नव्हतं. जवळचं यंत्र शेजारच्या जिल्ह्यात, खासगी, आणि ऑक्सिजनवरचं बाळ हलवायचं कसं?

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर ‘यंत्र द्या, यंत्र द्या’ एवढाच आरडाओरडा होईल. परदेशात अशा बाळांना तीन दिवस थंड ठेवायचा उपचार करतात, शरीर साडेतेहतीस अंशांवर. तिकडे फायदा सिद्ध झालाय. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या सात दवाखान्यांत ४०८ बाळांवर त्याची चाचणी झाली, २०२१ मध्ये निकाल छापून आला. फायदा तर दिसला नाहीच, थंड केलेल्या बाळांमध्ये मृत्यू जास्त, ४२ टक्के विरुद्ध ३१. म्हणजे तिकडचं सगळं उचलून इकडे आणलं की झालं, असं नसतं. पण थंड करणं हा उपचार आहे, ईईजी ही नजर आहे. नजर कुणाला अपाय करत नाही.

आणि पहिली नजर आपल्याच राज्याने देशाला दिली हे विसरू नका. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवलं, १९९९ मध्ये त्याचे निकाल जगभर वाचले गेले. त्यावरूनच पुढे आशाताईंच्या घरभेटी आल्या: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. आमच्याही घरी आशाताई आल्या. वजन केलं, अंग सैल आहे का बघितलं, दूध ओढतंय का विचारलं. त्याच पहिल्या म्हणाल्या, "ताई, बाळ स्वतः उठून मागत नाही हे चांगलं नाही, दाखवून या." ताईने दाखवलं. वजन वाढतंय, काही काळजी नाही, असं उत्तर मिळालं.

एक साधी गोष्ट इथेच सांगून टाकतो. फार शांत, फार झोपाळू बाळ म्हणजे मेंदूचाच विकार असं अजिबात नाही. कावीळ असते, साखर कमी झालेली असते, जंतुसंसर्ग असतो. आणि एक कारण फारच चटका लावणारं आहे: जन्मतः थायरॉईड कमी असणं. देशात साधारण हजार-बाराशे बाळांमागे एक. अशी बाळं सुस्त, गुणी, कमी रडणारी वाटतात, अनेकदा पहिले आठवडे काहीच कळत नाही. टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन तपासलं तर कळतं, आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत स्वस्तातली गोळी सुरू झाली तर मेंदू वाचतो. उशीर झाला तर मतिमंदत्व येतं, मग गोळीने ते परत जात नाही. गोव्याने २००८ मध्ये नवजात बाळांच्या अशा तपासणीचा सरकारी कार्यक्रम सुरू केला होता. आपल्याकडे अजून ज्याला माहीत आहे तो विचारतो, डॉक्टरला सुचलं तर करतात. बाळंतपणाचं बिल भरताना विचारा, थायरॉईड बघितलं का. विचारायला पैसे पडत नाहीत.

परत आमच्या बाळाकडे. साडेचार महिन्यांचं झालं तेव्हा नवीनच सुरू झालं. झोपेतून उठलं की मान पुढे पडायची, दोन्ही हात वर येऊन जवळ यायचे, नमस्कार केल्यासारखे. क्षणभर. मग काही सेकंदांनी परत. असं दहा-पंधरा वेळा, आणि शेवटी रडायचं. पहिले दोन दिवस घरात कौतुक, बाळ नमस्कार करतंय! मग वाटलं दचकतंय. मग गॅस. बाळगुटी झाली, ओवाळून दृष्ट काढून झाली, एका ठिकाणाहून गॅसचे थेंब आले. यात तीन आठवडे गेले.

भाचीच्या नवऱ्याने, पोरगं हुशार आहे, मोबाईलवर व्हिडिओ काढला आणि मला पाठवला. मी पूर्वी एका बातमीसाठी ज्या बाल-मेंदूविकार तज्ज्ञांशी बोललो होतो त्यांना पुढे ढकलला. चार मिनिटांत उत्तर: "आजच निघा."

याला वेस्ट सिंड्रोम म्हणतात. विल्यम वेस्ट हा इंग्लंडमधल्या एका छोट्या गावातला डॉक्टर. १८४१ मध्ये त्याने ‘लॅन्सेट’ला पत्र लिहिलं, स्वतःच्याच मुलाबद्दल. मूल असं वाकतंय, मी जळवा लावून पाहिल्या, अफू देऊन पाहिली, कुणाला काही माहीत असेल तर सांगा, अशा अर्थाचं. पावणेदोनशे वर्षांनंतर आपल्या गल्लीत तीच गोष्ट, फक्त जळवांच्या जागी गॅसचे थेंब. आपल्या देशात या आजाराची मोठी कारणं म्हणजे जन्मताना प्राणवायू कमी पडणं आणि पहिल्या दिवसांत रक्तातली साखर उतरणं. म्हणजे जी बाळं काचेच्या पेटीतून घरी येतात तीच.

ईईजीचा दिवस सांगतो. तिकडून सूचना होती: बाळाला झोपू न देता आणा, तिथे आल्यावर झोपवायचं, आणि डोक्याला तेल नको. तेल नको! आमच्या घरात टाळू भरल्याशिवाय बाळाची आंघोळ होत नाही. ताईने सकाळी तीन वेळा डोकं धुतलं. गाडीत पाच तास भाचीने त्याला जागं ठेवलं, गाणी म्हणून, गाल हलवून, शेवटी स्वतः रडत. तिथे तारा लावल्या, अंधार केला, दुधावर झोपलं. रेघा झोपेत काढायच्या आणि उठतानाही काढायच्या, कारण हा आजार झोपेत आणि उठण्याच्या काठावरच नीट पकडला जातो. मी पडद्याकडे बघत होतो. मला त्यातलं काही कळत नाही, पण बेशिस्त कळत होती. उंच, वेड्यावाकड्या रेघा, कुणाचा कुणाला पत्ता नाही.

औषध त्याच रात्री सुरू झालं, तोंडाने द्यायचं स्टेरॉईड. पहिल्या आठवड्याचं औषध साडेतीनशे रुपयांच्या आत. गाडीभाडं त्याच्या दहापट. नवव्या दिवशी नमस्कार थांबले. डॉक्टर बाईंनी स्पष्ट सांगितलं की जन्माच्या वेळचं नुकसान यातून भरून येत नाही, हे झटके मेंदूची पुढची वाढ रोखतात ते आपण थांबवतोय, आणि त्यात प्रत्येक आठवडा मोजला जातो.

पोरगं आता तीन वर्षांचं आहे. भिंतीला धरून चालतं. दोन शब्द येतात, त्यातला एक ‘पणजी’च्या जवळपासचा आहे असा आईचा दावा आहे.

ही पोस्ट वाचून कुणी उगाच घाबरू नका, म्हणून एवढं. तान्ह्या बाळाचे हातपाय झोपेत झटकणं बहुतेक वेळा अगदी नॉर्मल असतं. फक्त झोपेतच येतं, बाळाला हळूच जागं केलं की लगेच थांबतं. जे जागं केल्यावरही चालू राहतं, किंवा उठल्या उठल्या एकामागोमाग एक असं रांगेत येतं, ते दाखवायचं. व्हिडिओ काढायचा, पूर्ण अंग दिसेल असा, एक-दोन मिनिटांचा. दवाखान्यात गेल्यावर बाळ नेमकं काही करत नाही, तेव्हा तोच कामाला येतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये आपल्याच पालघरला झाली. विकासात मागे पडणारी मुलं शोधायची, जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायची, हे कागदावर त्यात आहे. आमचं पोरगं आठवड्यातून एकदा तिथे व्यायामाला जातं, तिथल्या ताई मनापासून करतात. माझा प्रश्न मधल्या वाटेचा आहे. काचेच्या पेटीतून बाळ घरी आलं आणि केंद्रात पोहोचलं, या दोन्हीच्या मध्ये पाच-सहा महिने त्याच्याकडे कोण बघतं?

म्हणून सोमवारी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकलाय. गेल्या वर्षी जिल्ह्यातल्या नवजात कक्षातून किती बाळं घरी गेली. त्यातली किती तीन महिन्यांनी तपासणीला परत आली. किती जणांचा ईईजी झाला, कुठे, आणि खर्च कुणी केला. ३० दिवसांची मुदत आहे. उत्तर आलं की जसंच्या तसं इथे टाकतो, नाही आलं तर तेही टाकतो.

आणि एक विनंती. बाळांचे व्हिडिओ मला इनबॉक्सला पाठवू नका, मी डॉक्टर नाही. बालरोगतज्ज्ञाला दाखवा. शीघ्र हस्तक्षेप केंद्राचा पत्ता हवा असेल तर तुमच्या वस्तीतल्या आशाताईंना विचारा, त्या सांगतील.